चाकांवरचें घर आणि आकाशांतलें चित्र

आषाढी एकादशीच्या दिवशीं जळगांवलगतच्या पिंप्राळ्यांत विठ्ठलाचा रथ निघतो. पिंप्राळा हें पूर्वींचें स्वतंत्र गांव आतां जळगांव शहरांत मिळून गेलें आहे. परंतु त्या दिवसापुरतें तें आपलें वेगळेपण परत मिळवितें. ज्यांना पंढरपूर गांठतां आलें नाहीं अशा शेंकडों लोकांची एकादशी या रथापुढें साजरी होते. जळगांवकडील या अवजड लांकडी रथांना सुकाणूं नसतें. वळण आलें म्हणजे चाकाखालीं 'मोगरी' नांवाचा लांकडी ठोकळा नेमक्या क्षणीं सारावा लागतो आणि त्याच मोगरीनें उतारावर रथ थोपवावाहि लागतो. दोर ओढणारे पुष्कळ असतात, जयघोष करणारे त्याहून पुष्कळ. रथाचें खरें भवितव्य मात्र मोगरी लावणाराच्या हातीं असतें.

चालतें घर जागीं स्थिर करणें आणि त्याला अचूक दिशा देणें, हीं दोन्हीं कामें देवाच्या रथापुरतींच आहेत असें नाहीं. ज्या गाडींत निजावयास बिछाना, रांधावयास चूल आणि बसावयास बांक असतो, आणि जिला आतां इकडेहि कॅराव्हॅन अथवा कॅम्पर म्हणूं लागले आहेत, त्या गाडीच्या टपावर दूरचित्रवाणीची अँटेना उभारतांना नेमकीं हींच दोन कामें करावीं लागतात. तें वरकरणीं हौशी प्रवाशाचें किरकोळ काम दिसतें. पण दूरचित्रवाणीचें चित्र कोणाला मिळावें आणि कोणाला मिळूं नये, हा जो प्रश्न खानदेशानें अनेक वर्षें सोसला, त्याचाच तो शेवटचा अध्याय आहे.

खानदेशानें मुंबई आधीं ऐकली आणि फार उशिरां पाहिली. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्याच्या मध्यम लहरी जमिनीच्या पृष्ठाला धरून दूरवर जात आणि रात्रीं आकाशांतील विद्युद्भारित थरावर आदळून परत खालीं उतरत. त्यामुळें कौलावरून एक तांब्याची तार ताणली कीं तापीकांठच्या गांवींहि मुंबईचें गाणें उतरे. पुढें जळगांवीं आकाशवाणीचें स्वतंत्र केंद्र आलें, तेव्हां तर हा प्रश्नच उरला नाहीं. मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. परंतु दूरचित्रवाणीच्या लहरी वाकावयास तयार नसतात. त्या बव्हंशीं सरळ रेषेंत जातात, आणि पृथ्वी गोल असल्यामुळें कांहीं अंतरावर त्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातात. याचा एक ढोबळ हिशेब आहे. प्रक्षेपणाचा मनोरा आणि घरावरची अँटेना यांच्या उंचीचीं, मीटरांत, वर्गमूळें काढून त्यांची बेरीज चारांनीं गुणावी, कीं चित्र किती किलोमीटर जाईल तें कळतें. वरळीच्या मनोऱ्याची उंची सुमारें ३०० मीटर आणि घरावरची काठी १० मीटर धरली, तर उत्तर सुमारें ८२ किलोमीटर येतें. मुंबईपासून जळगांव सरळ रेषेंत सुमारें ३६० किलोमीटर. मधें सह्याद्रि नाहींच असें मानलें, तरी मुंबईचें चित्र पिंप्राळ्यांत उतरविण्यास पांच किलोमीटरांहून उंच काठी लागली असती. म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर कळसूबाई आणि तिच्यावर आणखी एक कळसूबाई! पुण्याची सोय सिंहगडानें केली. किल्ल्याच्या माथ्यावर मनोरा उभारून १९७३ मध्यें मुंबईचें चित्र पुढें पाठविण्यांत आलें. खानदेशाला मात्र उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर. हे दोन्ही डोंगर तापीच्या खोऱ्याला आडोसा देत आले आहेत. या बाबतींत त्यांनीं तोच आडोसा आडकाठीसारखा दिला.

चित्र घरीं येत नाहीं, तर चित्रालाच चाकें लावावीं, ही युक्ति या भागाला जुनीच होती. दादासाहेब फाळके १९१३ नंतर आपले चित्रपट, पडदा आणि यंत्र बैलगाडींत घालून गांवोगांव फिरले. त्यांच्यामागून तंबूंतले फिरते सिनेमे आले. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा बाजार भरतो. अशा यात्रांतून ट्रकवर यंत्र आणि ट्रकमागें तंबू अशी मांडणी करून हे लोक रात्रीचे खेळ करीत. वीज त्यांची, पडदा त्यांचा, चित्रहि त्यांच्याच डब्यांत; आकाशाकडे त्यांना कांहींच मागावयाचें नव्हतें. म्हणून त्यांचें घर खुशाल फिरूं शकलें. दूरचित्रवाणीनें ही मोकळीक हिरावून घेतली, कारण तिचें चित्र डब्यांत नसून दिशेंत असतें.

ही दिशा शोधणारें जें साधन भारतांतील लाखों गच्च्यांवर उभें राहिलें, त्याचा जन्म जपानांतील सेंदाई येथील विद्यापीठांत झाला. शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनीं १९२६ मध्यें तें जगापुढें मांडलें. एका आडव्या दांड्यावर ओळीनें काड्या; त्यांतील एकाच काडीला तार जोडलेली. तिच्या मागें थोडी लांब काडी, ती लहरी परतवून पुढें लोटते. तिच्या पुढें क्रमानें आंखूड काड्या, त्या लहरींना वाट दाखवितात. सबंध रचनेंत फिरणारा एकहि भाग नाहीं, वीज नाहीं, कांहीं नाहीं; केवळ काड्यांच्या लांबीनें आणि अंतरानें ती एका बाजूस कान टवकारते आणि बाकीच्या दिशांना बहिरी होते. जपाननें स्वतःच्या या शोधाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. १९४२ मध्यें सिंगापूर पडल्यावर तेथें हातीं लागलेल्या एका ब्रिटिश टिपणवहींत जपानी अधिकाऱ्यांना 'यागी' हा शब्द वारंवार आढळला, तो त्यांना उलगडेना, आणि अखेर एका युद्धकैद्यानें त्यांना सांगितलें कीं तें तुमच्याच माणसाचें नांव आहे, अशी हकीकत प्रसिद्ध आहे.

काडीची लांबी लहरीच्या लांबीच्या सुमारें निम्मी ठेवावी लागते. मुंबईच्या चौथ्या चॅनेलसाठीं ती सव्वादोन मीटरांच्या आसपास येई. उलट वरच्या पट्ट्यांतील चॅनेलांना पाऊण मीटर पुरे. म्हणूनच मुंबईच्या चाळींवरच्या अँटेना थोरल्या दिसत, आणि इतरत्र पुष्कळ ठिकाणीं त्या लहानशा, माशाच्या सांगाड्यासारख्या दिसत. अँटेनापासून संचापर्यंत चपटी, दोन तारांची फीत येई. ती भिंतीला वा लोखंडाला चिकटली कीं चित्र बिघडे. पुढें गोल, आंत एक तार आणि भोंवतीं जाळी असलेली केबल आली, आणि हा त्रास गेला. शेजारच्या पाण्याच्या टाकीवर आपटून आलेली लहर मूळ लहरीमागून उशिरां पोंचे आणि पडद्यावर माणसाच्या शेजारीं त्याची सांवली उभी राही. ३०० मीटरांचा वळसा म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग उशीर. पण चाळीस सेंटिमीटर रुंद पडद्यावर तो उशीर पाऊण सेंटिमीटरांहून थोडा अधिक भरे. एकजण गच्चीवर काठी फिरवीत आहे, दुसरा खिडकींतून "आलं, आलं... गेलं!" असें ओरडत आहे, हें दृश्य ज्या घरांनीं पाहिलें, त्या घरांना भूमितीचा हा पाठ कोणी शिकवावा लागला नाहीं.

खेड्यांतील माणसाला चित्र द्यावयाचें तर मनोऱ्यांची रांग उभारण्यापेक्षां एकच मनोरा पृथ्वीपासून ३६,००० किलोमीटरांवर ठेवावा, असा विचार विक्रम साराभाईंच्या पिढीनें केला. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकन उपग्रह 'एटीएस-६' याच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोंचली. या प्रयोगाची धुरा वाहिली ती एकनाथ चिटणीस या मूळच्या कोल्हापूरच्या शास्त्रज्ञानें. प्रत्येक खेड्यांत तीन मीटर व्यासाची छत्री उभारली गेली, आणि ती चक्क कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची होती. लहर जाळीच्या भोंकाहून पुष्कळ मोठी असल्यामुळें तिला तें भोंक दिसत नाहीं. ती जाळीला अखंड पत्र्याप्रमाणें मानून परतते. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्यप्रदेश, ओरिसा आणि राजस्थान हीं तीं सहा राज्यें. सातपुड्यापलीकडचें राज्य यादींत होतें, अलीकडचें नव्हतें. प्रयोगाचा सूत्रधार मराठी असून प्रयोग महाराष्ट्राबाहेर व्हावा यांत कोणी अन्याय शोधूं नये. निवड मागासलेपण पाहून झाली होती. तरी खानदेशांतील खेड्यांना त्या यादीनें कांहीं दिलें नाहीं, ही गोष्ट उरतेच.

पुढें १९८३ च्या ३० ऑगस्टला 'इन्सॅट-१ बी' हा उपग्रह अवकाशांत गेला. त्याच्याकडून कार्यक्रम घेऊन आसपासच्या पंचवीस-एक किलोमीटरांत पसरविणारे १०० वॅटचे लघुशक्ति प्रक्षेपक १९८४ मध्यें देशभर इतक्या झपाट्यानें बसले कीं दिवसाला एक असा त्यांचा लौकिक झाला. त्या लाटेंत खानदेशांतील शहरेंहि आलीं. आतां अँटेनानें मुंबईकडे नव्हे, गांवच्याच प्रक्षेपकाकडे तोंड करावयाचें होतें. जळगांवच्या वस्तींत बसून लहान अँटेना पुरे. वीस किलोमीटरांवर मात्र काठी उंच, काड्या जास्त आणि वर 'बूस्टर'. पंचवीस किलोमीटरांच्या त्या वर्तुळाबाहेर राहणारा माणूस पुन्हां यादीबाहेरच राहिला. वर्तुळें निराळीं झालीं इतकेंच.

डोंगराआडच्या गांवांनीं यावर काढलेला दुसरा तोडगा म्हणजे केबल. अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत अस्टोरिया हें गांव आहे. सिअ‍ॅटलचें चित्र तेथें डोंगरामुळें पोंचत नसे. १९४८ मध्यें एड पार्सन्स याने तेथील एका उंच हॉटेलाच्या माथ्यावर अँटेना लावून चित्र पकडलें आणि तारेनें खालीं आपल्या घरीं, मग शेजाऱ्यांकडे नेलें. एका उंच ठिकाणीं एकदांच दिशा साधावी आणि बाकीच्यांनीं तारेला धरून बसावें, एवढीच त्यांतली कल्पना. भारतांत ही तार १९९१ च्या आखाती युद्धानंतर झपाट्यानें पसरली. २ ऑक्टोबर १९९२ ला 'झी' वाहिनी आली आणि मग गल्लोगल्लीं विजेच्या खांबांवरून, कडुनिंबाच्या फांद्यांवरून, गच्चीवरून गच्चीवर काळ्या केबली लोंबूं लागल्या. १९९५ मध्यें त्यांच्यासाठीं कायदा झाला. केबलवाला हा तेव्हां वाण्या-दूधवाल्याच्या पंक्तींतला माणूस होऊन बसला. गच्चीवरची काठी फिरविण्याचें काम संपलें. पण चित्र पूर्वीपेक्षांहि अधिक पक्कें घराच्या भिंतीशीं बांधलें गेलें. ज्याला भिंत नाहीं त्याला तार कोण देणार? ऊंस तोडावयास साखर कारखान्यांच्या फडांवर जाणारीं कुटुंबें, मुक्कामामागून मुक्काम करणारे तमाशाचे फड, महिना-महिना गाडींत निजणारे ट्रकचालक, यांचें घर या महाराष्ट्रांत कॅराव्हॅन हा शब्द येण्यापूर्वींच चाकांवर होतें. त्यांच्या दारीं केबलवाला गेला नाहीं.

हौसेचें फिरतें घर ही कल्पना मात्र विलायतेंतील. गॉर्डन स्टेबल्स या नौदलांतील निवृत्त डॉक्टरानें १८८५ मध्यें 'वाँडरर' नांवाची घोड्याची घरगाडी बांधून घेतली. सुखवस्तु माणसानें केवळ आनंदासाठीं गाडींत राहण्याचा तो पहिला गाजलेला प्रसंग. महाराष्ट्र सरकारनें २०२१ मध्यें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण ठरविलें, तेव्हांपासून अशा गाड्यांना येथें रीतसर स्थान मिळालें.

अशा गाडींत चित्र आणावयाचें तर त्याच्या तीन वाटा. पहिली म्हणजे टपावरची काड्यांची अँटेना. विलायतेंत व अमेरिकेंत आंतून दांडा फिरवून ती वर चढवितां व वळवितां येते. भारतांत ही वाट आतां जवळजवळ बंद आहे, कारण दूरदर्शननें आपले जुन्या पद्धतीचे बहुतेक भूप्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. गच्च्यांवर अजून उभे असलेले ते माशांचे सांगाडे आज निरुपयोगी आहेत. कावळ्यांना मात्र त्यांचा उपयोग अद्याप कळतो. दुसरी वाट तळावरच्या केबलीची. परदेशांतील तळांवर विजेच्या खांबालाच केबलीचें तोंड असतें, आणि गाडीच्या कुशींत तसेंच दुसरें तोंड असतें. दोहोंना जोडणारी गोल केबल तेवढी प्रवाशानें जवळ बाळगावयाची. तीच केबल आंतल्या बाजूस अँटेनाच्या बूस्टरमधून जात असल्यास केबल जोडण्यापूर्वीं बूस्टर बंद करावा लागतो. तें विसरल्यामुळें केबल खराब आहे असें समजणारे पुष्कळ.

तिसरी वाट छत्रीची, आणि आपल्याकडे खरी चालणारी हीच. दूरदर्शनची मोफत सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभ्या असलेल्या 'जीसॅट-१५' या उपग्रहावरून येते. जळगांवांत उभें राहून त्याच्याकडे पहावयाचें तर उत्तरेपासून उजवीकडे १३८ अंश वळावें, म्हणजे तोंड आग्नेयेस येतें, आणि क्षितिजापासून ५८ अंश वर पहावें. साठ सेंटिमीटरांच्या थाळीची नजर अवघी तीन अंश रुंद असते. दीड अंश चुकलें कीं चित्र क्षीण, आणखी चुकलें कीं नाहींसें. त्यांतहि या थाळीची एक खोड आहे: ती दिसते त्यापेक्षां वीस-पंचवीस अंशांनीं वर पाहत असते, म्हणून डोळ्यानें नेम धरणारा हमखास फसतो. म्हणून प्रथम गाडीच सपाट करावयाची. सखल चाकाखालीं ठोकळा सारून पाणसळ पहावयाची. मोगरीचेंच हें धाकटें भावंड. मग ओळंबा लावून खांब सरळ, मग उंचीचा अंश, आणि सर्वांत शेवटीं थाळी अगदीं सावकाश डावी-उजवी. जुन्या चित्रांत मुंग्या वाढत किंवा कमी होत, त्यामुळें हाताला वाट कळे. नव्या पद्धतींत चित्र एकतर पुरें येतें, नाहीं तर चौकटी-चौकटी होऊन थिजतें, म्हणून ओरडून सांगणाराच्या जागीं आतां यंत्रावरचा आंकडा वाचणारा बसला आहे. या केबलींत एक गंमत आहे. चित्र तिच्यातून खालीं उतरतें आणि थाळीच्या तोंडाशीं असलेल्या यंत्राला लागणारी वीज तिच्यातूनच वर चढते. ती १३ व्होल्टची कीं १८ व्होल्टची, यावरून तें यंत्र उभ्या लहरी घ्यावयाच्या कीं आडव्या हें ओळखतें. गाडींत वीज बारा व्होल्टच्या बॅटरीची असते. संच रात्रभर चालविला तर सकाळीं पंख्यालाहि उरत नाहीं. आणि गाडी हलविण्यापूर्वीं टपावरची अँटेना खालीं घेतली आहे ना हें पाहण्यासाठीं एकदां मागें जाऊन यावें, कारण विजेच्या तारा आणि झाडांच्या फांद्या हें पाहून थांबत नाहींत.

मुक्काम हलला कीं हें सर्व पुन्हां. जळगांवाहून पंढरपुरास गेलेल्या गाडीला तेथें तोच उपग्रह १३३ अंशांवर आणि सुमारें साडेसाठ अंश उंच सांपडतो. पांच अंश पूर्वेकडे, अडीच अंश वर. तीन अंशांच्या नजरेला एवढा फरक सोसत नाहीं.

आषाढांत खानदेशांतून नेमक्या याच रेषेनें माणसें जातात. मुक्ताईनगराहून निघालेली मुक्ताबाईची पालखी सुमारें महिनाभर विदर्भाच्या कडेनें आणि मराठवाड्यांतून चालत पंढरपूर गांठते. दिंडीमागें सामानाचे ट्रक असतात, पाण्याचे टँकर असतात. रात्रीं ट्रकाला ताडपत्री बांधून त्याखालीं स्वयंपाक आणि निजानीज होते. त्यांच्यांत छत्री कोणी नेत नाहीं. आजकाल चित्र हवेंच असेल तर तें तळहातावरच्या फोनवर येतें. त्याला दिशा लागत नाहीं, पण मनोरा मात्र लागतो, आणि दोन गांवांमधल्या माळावर तोहि कधीं कधीं क्षितिजाखालीं जातो. एकादशीच्या पहाटे पंढरपुरांतील महापूजा दूरचित्रवाणीवर दाखवितात. पिंप्राळ्यांत त्या वेळीं ज्या घरांत संच लावलेला असतो, त्याच्या गच्चीवरची थाळी आग्नेयेस तोंड करून असते, आणि पाऊस जोराचा आला तर त्या लहरी थेंबांत जिरून विठ्ठलाच्या मुखावर चौकटी येतात. लोक थोडा वेळ वाट पाहतात. मग दुपारीं रथ निघतो, कोणीतरी मोगरी घेऊन चाकाशीं वांकतो, आणि घरांतला संच तसाच चालू ठेवून सगळे बाहेर रस्त्यावर येतात.